पोळ्यापुरती गादी

मध्यंतरी एक गृहस्थ आमचं घर विचारत विचारत आले. जुने ट्रॅक्टर जमवायचा त्यांना नाद. आमच्या ट्रॅक्टरचं धूड केव्हाच भंगारात गेलं, पण त्याच्यासोबत आलेलं मूळ सामान आमच्याकडे अजून जसंच्या तसं आहे, असं त्यांना अकोल्याला कोणीतरी सांगितलं होतं. मी संदूक उघडून दिली. पुढचे दोन दिवे, नांगरावर उजेड पाडायचा मागचा दिवा, कापडी छत्री, भोंगा, धुराड्याचं टोपण, पान्यांची पेटी आणि स्प्रिंगसकट गादी. एकेक वस्तू हातात घेऊन ते हरखून जात होते. दिव्याच्या काचेला चरा नाही, काचेभोवतीची रबरी कडी अजून मऊ.

"आजी, एवढी वर्षं हे जपलं तरी कसं तुम्ही?" त्यांनी विचारलं.

मी काय सांगणार? जपलं म्हणजे वापरलं नाही. त्याला काही फार अक्कल लागत नाही. त्यांचा राग नाही आला, नुसता थकवा आला. हा प्रश्न लोकांनी मला आयुष्यभर कौतुकानेच विचारलेला आहे, आणि प्रत्येक वेळी मी पदर सावरून गप्प बसले आहे.

ट्रॅक्टर घरी आला तेव्हा माझ्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. माझं माहेर अमरावतीकडचं, मोझरीजवळचं. सासर हिवरखेडच्या पलीकडे, काळ्या जमिनीतलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे घरात आम्ही तिघंच: सासरे, माझे यजमान आणि मी. जमीन चांगली होती, पण कुंद्याने खाल्लेली. हे गवत मुळाशी इतकं खोल जातं की बैलाच्या नांगराला दाद देत नाही. कापसाचं एक साल चांगलं गेलं आणि सासऱ्यांनी ट्रॅक्टर घ्यायचं मनावर घेतलं. आमच्या पंचक्रोशीत तेव्हा असे एकदोनच होते. विलायतेहून बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने अकोल्याला आलेला तो लाल ट्रॅक्टर यजमानांनी चालवत आणला, तेव्हा अर्धं गाव सडकेवर उभं होतं. मी दारातून पाहिलं. गादीवर बसलेले हे मला कोणी परके साहेब वाटले. मला हसू आलं आणि अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी पाना हातात घेतला. ट्रॅक्टर शिकवायला कंपनीचा एक माणूस आला होता, तो अजून दारालगतच्या ढेलजेत चहा पीत बसला होता.

"हे सारं खोला," सासरे म्हणाले.

"काय खोला?" तो म्हणाला.

"दिवे, छत्री, गादी. जे जे वरून लावलं हाये ते सारं."

त्या माणसाला वाटलं म्हातारा थट्टा करतो आहे. सासरे थट्टा करणाऱ्यांतले नव्हते. ते म्हणाले, "बैल काय झूल घालून वखराले जाते का? झूल पोळ्याले. कामाच्या दिवशी बैलाच्या अंगावर जू, बस. याचं बी तसंच."

झालं. दुपारपर्यंत ट्रॅक्टर उघडाबोडका झाला. गादीखालची स्प्रिंग गादीच्या जोडीने आली होती, म्हणून तीही निघाली. गावच्या लोहाराने पत्र्याची बैठक सरळ लोखंडी पट्टीवर बोल्टाने आवळून दिली. वर बारदान्याची घडी. धुराड्याचं टोपण काढलं म्हणून त्यावर तुपाचा रिकामा डबा उपडा घातला. तो डबा ट्रॅक्टर सुरू झाला की उडून पडायचा आणि आमचा गडी त्याच्या मागे धावायचा. लोकांची करमणूक झाली. माझ्या घराचं हसं झालेलं मला आवडलं नाही, पण नव्या सुनेला कोण विचारतं.

काढलेलं सगळं सामान बैलांच्या संदुकीत गेलं. आमच्याकडे शिसवी लाकडाची एक भली मोठी संदूक होती, तिच्यात बैलांच्या झुली, घुंगरमाळा, गोंडे, कपाळावरच्या मठाट्या असायच्या. वर्षातून एकदा, पोळ्याला, ती उघडायची. तिची चावी सासऱ्यांच्या करदोड्याला असे. ट्रॅक्टरचे दिवे धोतराच्या जुन्या पानात गुंडाळून त्या झुलींच्या शेजारी निजले.

सासऱ्यांना वेडं समजू नका. त्यांचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. शेजारच्या गावातल्या ट्रॅक्टरचे दिवे दोन पावसाळ्यांतच फुटले, गादी उंदरांनी पोखरली, छत्रीचं कापड कोणीतरी पळवलं. सुटा भाग मिळायचा तर अकोल्याला चिठ्ठी द्या, तिथून मुंबईला, तिथून पुढे समुद्रापलीकडे, आणि मग वाट पाहत बसा. "तुटली तं कोठून आणशीन?" हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता.

मग पोळा यायचा. श्रावणातल्या अमावास्येला बैलांचा हा सण, आणि आदल्या सांजेला खांदमळणी. वर्षभर जू घासून बैलांचे खांदे घट्टे पडून सुजतात, तिथे पळसाच्या पानाने कोमट तूप आणि हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." हे काम सासरे स्वतः करत. कोणाला हात लावू देत नसत. इतर दिवशी तोंडातून धड शब्द न काढणारा तो माणूस बैलांशी मात्र इतक्या मायेने बोलायचा की मला गोठ्याच्या दाराशी उभं राहून ऐकावंसं वाटायचं.

पोळ्याच्या सकाळी बैलांच्या आधी ट्रॅक्टर नटायचा. संदूक उघडायची, पुरचुंडीतले नटबोल्ट काढायचे, दिवे बसायचे, छत्री ताणायची, स्प्रिंग आणि गादी जागेवर यायची. ट्रॅक्टर परत साहेबाचा होऊन जाई. यजमान नवं धोतर नेसून, फेटा बांधून त्या गादीवर बसत आणि ट्रॅक्टर बैलांच्या मागे, बैलांच्याच चालीने, गावच्या पोळ्याच्या तोरणाखाली जाई. पहिल्या वर्षी गावातल्या जुन्या लोकांनी कुरकुर केली, यंत्राला तोरणाखाली काय काम म्हणून. दुसऱ्या वर्षी कोणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षापासून तर हिवरखेड, तेल्हाऱ्याचे लोक मुद्दाम बघायला येऊ लागले. "पाह्य बरं, कसा नवाच्या नवा ठेवला!" असं म्हणत ते दिव्यांवरून हात फिरवत आणि सासरे त्यांच्या मागे मागे फिरून बोटांचे ठसे पुसत.

पहिल्याच पोळ्याला मी एक घोळ घातला. बैल दारात आले की पाय धुवून, कुंकू लावून पुरणपोळी खाऊ घालतात. ट्रॅक्टरच्या चाकावर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं, आता पोळी कुठे ठेवायची? मी ती गादीवर ठेवली. तूप सुटून गादीवर डाग पडला. सासऱ्यांचा चेहरा पाहून मला वाटलं आता मला माहेरी पाठवतात. ते संध्याकाळभर त्या डागावर पीठ चोळत बसले.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं परत उतरायचं आणि जपण्याचं काम माझ्या अंगावर येई. दिव्यांच्या कड्या चिंचेने घासायच्या. रबराला शंखजिऱ्याची पूड लावायची, नाहीतर ते चिकटतं. स्प्रिंगला एरंडेल. छत्रीचं कापड पावसाळ्यात बुरसतं, म्हणून ते उघडीप पडली की वाळत घाल, ढग आले की गोळा कर. गादीला निंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. घरातला स्वयंपाक, कापूस वेचायच्या बायांचं पाहणं, गुरांचं शेण, आणि वर ही विलायती लेकरं. मला कधी कधी वाटे, मी एखाद्या अशा पाहुण्याची चाकरी करते आहे जो वर्षातून एकदा जेवायला उठतो.

हे सगळं मी निभावलं असतं. कष्टाला मी भ्याले नाही. पण रोज सांजेला यजमान वावरातून यायचे आणि ट्रॅक्टरवरून उतरताना आधी एक पाय खाली टाकून, बॉनेटला धरून थोडा वेळ तसेच उभे राहायचे. पहिल्या वर्षी मला वाटलं नवं आहे, अंग दुखत असेल. उन्हाळ्यातली नांगरट म्हणजे दगडासारखी ढेकळं. त्या प्रत्येक ढेकळाचा दणका चाकातून लोखंडी पट्टीत, पट्टीतून पत्र्यात आणि पत्र्यातून सरळ यांच्या कण्यात. डोक्यावर छत्री नाही, ओला दुपट्टा तेवढा. आमच्याकडचं वैशाखातलं ऊन ज्याने पाहिलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. घरी येऊन हे ओसरीत पालथे पडत आणि मी तेल कोमट करून पाठ चोळून देई. माझे अंगठे पाठीच्या कण्यावरून खाली जायचे आणि एका जागी आले की यांच्या तोंडून आवाज निघायचा. ती जागा पुढे पुढे मला डोळे मिटूनही सापडू लागली.

मी आधी आपल्या परीने उपाय केला. घरच्या सरकी काढलेल्या कापसाची जाड उशी शिवली आणि बारदान्याखाली घातली. सासऱ्यांनी हरकत घेतली नाही. चार दिवसांत ती तेलाने काळी होऊन पोळीसारखी चपटी झाली. मी दुसरी शिवली. मग तिसरी. तिसरी तर वावरातच घसरून पडली आणि नांगराखाली गेली. कापूस मातीत मिसळलेला पाहून मला रडू आलं. उशीसाठी कोणी रडतं का? मी रडले.

मग मी यजमानांशी बोलले. "तुमीच मागा ना गादी. तुमच्या बापाले तुमी नाई बोलणार तं कोण बोलीन?"

"पोळ्याले बसतो ना मी त्याच्यावर," हे म्हणाले.

"पोळा वर्षातून एक दिवस येते."

"जाऊ दे. त्यायचा जीव हाये त्याच्यात."

असा हा माणूस. बापापुढे मान वर करायची नाही, हे त्यांच्या हाडात होतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी कीवही यायची. दोन्ही एकदम आलं की बाईमाणूस फार थकतं.

शेवटी एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सासरे गादी उतरवत असताना, मीच पुढे झाले. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, पण स्पष्ट बोलले. "मामाजी, गादी राहू द्या वरतं. त्यायची पाठ लय दुखून राहिली."

सासऱ्यांचा हात थांबला. मग ते म्हणाले, "जवान पोरगा हाये. म्या पन्नास साल वखर धरला, मले काय झालं?"

"वखरामागे माणूस चालते, मामाजी. दणके नाई बसत."

"गादी फाटली तं दुसरी भेटत नाई, बाई."

"अन् पाठ?"

त्यांनी पाना परत फिरवला. स्प्रिंगचा शेवटचा बोल्ट काढला, पुरचुंडीत बांधला आणि गादी काखेत मारून आत गेले. मी तिथेच उभी राहिले. माझ्या अंगातली सगळी ताकद त्या एका प्रश्नात संपली होती. त्यानंतर मी तो विषय घरात काढला नाही. सांज झाली की तेल कोमट करायचं, एवढंच माझं काम राहिलं.

अशी काही वर्षं गेली. कुंदा निघाला, वावर मोकळं झालं, शेजारपाजारचे लोकही नांगरटीला आमचा ट्रॅक्टर बोलावू लागले. काम वाढलं तसे हे वाकत गेले. चालताना एक खांदा खाली, एक वर. पस्तिशीच्या आतला माणूस, पण मागून पाहिलं तर बापलेकांत बाप कोणता हे ओळखू येऊ नये.

आणि एका चैत्रात हे वावरातून बैलगाडीत आले. कडब्यावर निजवून आणले होते. ट्रॅक्टर नांगराच्या तासाच्या मधेच उभा होता. हे त्याच्यावरून उतरायला गेले आणि पाय खाली टेकलेच नाहीत, खालीच कोसळले. गाडीतून काढताना यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. सासरे गाडीच्या जुवापाशी उभे होते. त्यांनी बैल सोडले नाहीत, पाणी मागितलं नाही, नुसते उभे राहिले.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणका सरकला आहे. सपाट लाकडावर निजवा, मऊ काही अंगाखाली नको, आणि ट्रॅक्टर आता कायमचा बंद. आम्ही यांना घरी आणलं आणि ओसरीतल्या तखतावर निजवलं. यांचा दिवस आता आढ्याकडे बघण्यात जाऊ लागला. सासरे ओसरीतून जायचे सोडून मागच्या दाराने ये-जा करू लागले. बापलेक एका घरात राहून एकमेकांना दिसेनासे झाले.

नांगरट तशीच पडली होती. पाऊस तोंडावर. सासऱ्यांनी ड्रायव्हर शोधला. अकोल्याकडचा, सरकारी शेतावर ट्रॅक्टर शिकलेला, यजमानांच्याच वयाचा माणूस. काही वर्षांपूर्वी बाबासाहेबांच्या मागे जी घरं बौद्ध झाली त्यांतलं त्याचं घर. स्वच्छ पायजमा, नजर सरळ. त्याने ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि बैठकीवरचा बारदाना उचलून पाहिला.

"याच्यावर कोण बसत होतं?" त्याने विचारलं.

"माझा पोरगा," सासरे म्हणाले.

त्याने ओसरीकडे पाहिलं. तिथल्या तखतावर हे निजलेले दिसत होते. "याची गादी असंन ना? स्प्रिंग असंन. ते लावा, मंग मी चालवतो. नाई तं दुसरा माणूस पाहा, बाबाजी. मले घरी लेकरं हायेत."

आवाज चढवला नाही, हात जोडले नाहीत. सरळ सांगितलं. मी दाराआड होते. मला वाटलं आता सासरे त्याला वाटेला लावतील. सासऱ्यांनी करदोड्याची चावी सोडली. आत गेले, संदूक उघडली, गादी आणि स्प्रिंग आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. बोल्टांची पुरचुंडीसुद्धा. मग परत जाऊन छत्री आणली. पोळ्याला अजून किती अवकाश होता!

गावात लोक कुजबुजले, एवढी पोळ्याची गादी आणि तिच्यावर कोण बसलं बघा. त्या कुजबुजीत काय विष होतं ते मला कळत होतं. माझा जीव मात्र दुसऱ्याच गोष्टीने जळत होता. ड्रायव्हर वावराकडे गेला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर न घेता उभी राहिले.

"परक्या माणसाले मागताबरोबर गादी देली, अन् पोटच्या लेकाले बारदाना? काहून, मामाजी? त्यायची पाठ बी हेच मागत होती. मी मागत होती. काहून नाई देली?"

माझा आवाज ओसरीपर्यंत गेला असणार. जाऊ दे म्हटलं. सासरे ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "तो निघून गेला असता, बाई."

एवढंच. सबब नव्हती, खरंच सांगत होते. ड्रायव्हर निघून गेला असता. लेक कुठे जाणार होता? जो जाऊ शकत नाही त्याचं दुखणं ऐकू येत नाही, हे मला त्या दिवशी ओट्याशी उभं राहून कळलं. मला अजून पुष्कळ बोलायचं होतं, ते तसंच राहिलं. मी आत येऊन चुलीपाशी बसले.

रात्रीचं जेवण भरवताना यजमान म्हणाले, "ऐकलं म्या."

मी पुढचा घास कालवला.

यांनी विचारलं, "वावरात कशी लागत असंन ते गादी? पोळ्याले तं बैलाच्या चालीनं जाते. नांगरतानी कशी लागते, मले मालूमच नाई."

मी हातातला घास परत ताटात ठेवला. रागाने, लाजेने, कशाने कोण जाणे. मी म्हटलं, "विचारीन त्याले." आणि खरंच विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, "बरी हाये, वहिनी. दणका लागत नाई." मी ते यजमानांना सांगितलं नाही. काय सांगायचं होतं?

ड्रायव्हर संध्याकाळी ट्रॅक्टर लावून जाताना तखतापाशी थांबू लागला. "कसं हाये, दादा?" म्हणायचा. मग दोघं इंजिनाबद्दल, जमिनीबद्दल बोलत. कुठल्या धुऱ्याला, बांधाला दगड आहे, कुठे चाक रुततं, हे यांना पाठ होतं. त्या गप्पांत यांचा चेहरा जरा उजळायचा. सासरे तेवढा वेळ गोठ्यात असत.

पावसाळा लागला, पेरण्या झाल्या आणि खांदमळणीची सांज आली. हे तोवर उठून बसायला लागले होते, काठी घेऊन दारापर्यंत जायचे. मी सासऱ्यांना नेहमीप्रमाणे वाटीत कोमट तूप-हळद आणि पळसाची पानं दिली. ते गोठ्यात गेले. बैलांशी त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

गोठ्यातून ते मागच्या दाराने न येता ओसरीने आले. हातात वाटी तशीच. तखताशी उभे राहिले आणि म्हणाले, "पालथा होय."

यजमानांना कळलं नाही. मी त्यांना धरून पालथं केलं. सासऱ्यांनी पळसाचं पान तुपात बुडवलं आणि लेकाच्या पाठीवर लावलं. खांद्यापासून सुरुवात केली, बैलाची करतात तशी, मग हळूहळू खाली. ती दुखरी जागा त्यांना ठाऊक नव्हती. पान तिथे पोचलं आणि यांच्या तोंडून आवाज निघाला. सासरे दचकले. पान त्यांच्या हातातून गळालं. मग त्यांनी नुसत्या तळव्याने, त्या जागेच्या आजूबाजूने, चोळायला सुरुवात केली. बराच वेळ चोळत होते. शेवटी ते खाली वाकले, लेकाच्या कानापाशी, आणि म्हणाले, "आज आवतन घ्या..." पुढचं त्यांना म्हणता आलं नाही.

यजमान उशीत तोंड खुपसून पडले होते. त्यांची पाठ हलत होती.

मी त्या वेळी सासऱ्यांना माफ केलं असं म्हणणार नाही. मला तेवढी उसंतच नव्हती. मी वाटी उचलली, पळसाची पानं गोळा केली आणि हळदीचे डाग पडू नयेत म्हणून तखतावरची चादर बदलली.

दुसऱ्या दिवशी पोळा. सामान बहुतेक ट्रॅक्टरवर होतंच, दिवे तेवढे बसवायचे होते. ड्रायव्हर आला, दिवे बसवून झाले आणि त्याने पाना घेऊन गादी सोडवायला सुरुवात केली. सासरे म्हणाले, "काय करून राहिला?"

"आज याच्यावर दादाले बसू द्या," तो म्हणाला. "मी बारदान्यावर जातो, एक दिवसाचं काय."

त्याने गादी आणून ढेलजेतल्या बाकावर ठेवली. यांना काठीच्या आधाराने आणलं, नवं धोतर नेसवलं होतं, फेटाही बांधला होता. सासऱ्यांनी एका बाजूने धरलं, ड्रायव्हरने दुसऱ्या. हे गादीवर टेकले. बाहेर घुंगरांचा आवाज सुरू झाला होता. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

यांनी डोळे मिटले, ओठ आवळले. थोडं डावीकडे सरकून पाहिलं, थोडं उजवीकडे. मग हळूच म्हणाले, "लय नरम हाये. मले नाई जमत आता. फळी द्या."

सासऱ्यांनी स्वतः जाऊन फळी आणली. यांना उठवलं, फळी ठेवली, परत बसवलं. गादी शेजारी तशीच राहिली. सासरे तिच्यावर बसले नाहीत, खाली जमिनीवर बसले. दारावरून बैल जात होते, लोक रामराम करत होते, आणि बाकावर फळीवर माझा माणूस आणि त्याच्या बाजूला ती रिकामी गादी.

त्या संध्याकाळी सासऱ्यांनी संदुकीची चावी माझ्या हातात दिली. "तुयापाशी ठेव," म्हणाले. मला चावी नको होती. मला जे हवं होतं ते केव्हाच मागून झालं होतं. तरी घेतली आणि कमरेला खोचली.

पुढे यजमान फळीवर बसूनच शेती पाहत राहिले. ड्रायव्हर काही सालं होता, मग त्याला अमरावतीला सरकारी नोकरी लागली. जाताना गादी पुसून, स्प्रिंगला तेल लावून मला आणून दिली. तोवर सासरेही गेले होते. पुढे बैलांच्या झुली जीर्ण झाल्या, ट्रॅक्टर थकून भंगारात गेला, सामान मात्र संदुकीत राहिलं.

तर ते गृहस्थ. त्यांनी गादी खिडकीपाशी उजेडात नेली. "हा डाग कशाचा?"

"पुरणपोळीचा," मी म्हटलं.

ते हसले. म्हणाले, हे सगळं सामान मी घेतो, अशाच बनावटीचा एक ट्रॅक्टर माझ्याकडे आहे, त्याच्यावर बसवतो. माझी ना नव्हती. उलट मला बरं वाटलं. मी विचारलं, "चालवता का तुम्ही तो?"

"चालवायला काय झालं? पण वावरात नाही नेणार. शेडमध्ये ठेवायचा, लोकांना बघायला. आणि ही गादी तर काचेच्या कपाटात ठेवीन."

"बसू नाही देणार कोणाला?"

"छे हो आजी! फाटली तर दुसरी कुठे मिळणार?"

मी त्यांच्या हातातून गादी काढून घेतली. म्हटलं, बाकी सगळं न्या. दिवे न्या, छत्री न्या. गादी त्यालाच देईन जो तिच्यावर बसून वावर नांगरेल, आणि त्याला पैसे न घेता तशीच देईन. ते पुष्कळ समजावत राहिले, मग जरा चिडले, मग दिवे आणि बाकीचं सामान गाडीत घालून गेले.

तसा नांगरणारा अजून कोणी आलेला नाही. जुन्या ट्रॅक्टरवर आता कोण नांगरतं? गादी संदुकीत एकटी आहे. पोळ्याच्या आधी मी तिला ऊन दाखवते, निंबाचा पाला बदलते, स्प्रिंगला एरंडेल लावते आणि कुलूप घालते. चावी माझ्या कमरेला असते.